चुकीच्या किल्लीचा आवाज

बायको पडद्यावरच्या पिवळ्या रेनकोटवाल्या पोरीला "जेवलीस का?" असं विचारते, हे मास्टरांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं आणि हातातला चहा अर्धा बशीत सांडला. पोर होती गेममधली. तिच्या एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात कुऱ्हाड, आणि मागून पांढऱ्या कपड्यांतली मेलेली माणसं फरफटत येत होती. अशा वेळी जेवणाची चौकशी कोण करतं?

"काही म्हणालीस का?" मास्टरांनी विचारलं.

बायकोने कानांवरचा हेडफोन जरा बाजूला केला. "तुम्हाला नाही हो."

मग कोणाला? घरात दोघंच. मास्टरांनी खोलीभर नजर फिरवली, अगदी खिडकीच्या पडद्यामागेही पाहिलं, आणि बशीतला चहा गुमान पुन्हा कपात ओतला.

बाजारात त्यांना सगळे मास्टर म्हणत. शिकवण्याशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. तरुणपणी त्यांनी तीनशे खोल्यांच्या एका हॉटेलासाठी अशी एक किल्ली बनवली होती, की तिने तीनशेच्या तीनशे दारं उघडत. तेव्हापासून ते मास्टर. कुलपं दुरुस्त करणं, किल्ल्या घासून देणं, हरवलेल्या किल्ल्यांपायी रडकुंडीला आलेल्या लोकांना दार उघडून देणं, यात त्यांची तीस वर्षं गेली. कुलपाला कान लावला की आत काय बिनसलंय ते त्यांना कळे. माणसांच्या बाबतीत मात्र कान लावूनही काही कळत नसे, आणि त्याची त्यांना कल्पना नव्हती.

बायको शिवणकारखान्यात इस्त्री विभाग सांभाळायची. दिवसभर वाफेत उभं राहून चाळीस बायकांवर आवाज चढवायचा, की घरी येऊन ती मुकाट बसायची. निदान अकरा महिन्यांपूर्वीपर्यंत तरी असंच होतं. मग एके दिवशी लेकीच्या खोलीतला तो गेम खेळायचा डबा उचलून तिने बाहेरच्या खोलीत आणला, वायरी जोडल्या आणि बावन्नाव्या वर्षी सुपरहिरो झाली.

आधी नुसती उडायची. केप लावलेल्या एका बाईला या गच्चीवरून त्या गच्चीवर नेताना स्वतःही खुर्चीत उजवीडावीकडे कलायची. पुलावरून पडणारी बस तिने उचलून धरली, त्या संध्याकाळी आमटीत मीठ दोनदा पडलं. पण खरं वेड लागलं ते भीतीच्या गेमचं. अंधारं इस्पितळ, मोजकी काडतुसं, मोजकी औषधं, आणि कुठल्या दारामागून काय येईल याचा नेम नाही. तिने एक वही केली. 'तळमजला, तिसरी खोली, औषध आहे पण उचलू नये, पुढे लागेल.' 'लिफ्टमधला माणूस मेलेला दिसतो, पण नाही.' ही वही किराणा सामानाच्या यादीशेजारी पडलेली असे. घरातलं कपाटसुद्धा ती आता आधी कान देऊन मगच उघडायची.

"भीती वाटते तर खेळतेस कशाला?" मास्टरांनी एकदा विचारलं होतं.

"वाटते म्हणून तर," ती म्हणाली. "आणि तिथे भीती वाटली तरी पुढे जावंच लागतं. इथल्यासारखं बसून राहता येत नाही."

हा टोमणा होता की नुसतं उत्तर, हे मास्टरांना चार दिवस कळलं नाही.

लेकीबद्दल घरात बोलायचं नाही, हा नियम मास्टरांचाच. चांगली कायमची नोकरी सोडून ती गेम बनवणाऱ्या कुठल्याशा कंपनीत निघाली होती. "भुतांचे केस विंचरायला तुला शिकवलं का?" असं मास्टर म्हणाले. ती म्हणाली, "केस नाही बाबा, मी दारं बनवते." शब्दाला शब्द वाढला. सकाळी ती पाय आपटत निघून गेली आणि दुपारी, बायको कारखान्यात असताना, जुनी किल्ली लागू नये म्हणून मास्टरांनी घराच्या कुलपाच्या आतल्या पिना बदलून टाकल्या. दुसरा कोणी बाप असता तर ताट भिरकावलं असतं, नाहीतर दार आपटलं असतं. मास्टरांच्या रागाला पान्हे आणि चिमटे लागत. संध्याकाळी त्यांनी बायकोच्या हातात नवी किल्ली ठेवली आणि म्हणाले, "आता या घरात तिचं नाव नको." त्या दिवसाची आणखी एक गोष्ट होती, ती त्यांनी कोणालाच सांगितली नव्हती. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीचीही एक होती.

लेक याच शहरात, दीड तासावर राहत होती. ती परत यावी असं मास्टरांना फार वाटे. इतकं, की दर रविवारी सकाळी ते दाराच्या कुलपात काळी पूड फुंकून ते मऊ ठेवायचे आणि मग दिवसभर दाराजवळच्या खुर्चीत बसायचे. बायको समजायची, धंद्याची खोड.

त्याच खुर्चीतून गेम दिसायचा. आता हा नवा गेम तर विचित्रच होता. त्यात सुपरहिरो बाईची सगळी शक्ती गेलेली. उडता येत नाही, भिंत फोडता येत नाही, नुसती एक साधी बाई केप लावून इस्पितळात अडकलेली. सोबत ती पिवळ्या रेनकोटवाली. दोघींनी किल्ल्या शोधत, दारं उघडत बाहेर पडायचं. मास्टर भुतांना घाबरले नाहीत, पण दारं पाहून त्यांच्या अंगाची लाही लाही झाली.

"ही कुलपं कोणी बसवली?" ते ओरडले. "बिजागऱ्या डावीकडे, कुलूपही डावीकडे! दार उघडणार कुठून?"

बायकोने वळून पाहिलं. "मग कुठे हवं?"

"उजवीकडे! लहान पोरालाही कळेल."

"ऐकलंस?" बायको पडद्याकडे बघून पुटपुटली.

पुढच्या रविवारी मास्टर बसले, पाहतात तर काय, इस्पितळातली सगळी कुलपं उजवीकडे. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. तेच दार, तोच रक्ताचा डाग, पण कुलूप उजवीकडे.

"हे मागच्या वेळी डावीकडे होतं ना?"

"असेल," बायको म्हणाली.

त्या रविवारी त्यांनी मुद्दाम दुसरी खोट काढली. असल्या जुन्या दाराला असली चपटी किल्ली लागत नाही, जाड दांड्याची लागते, दोनच दातांची. बायकोने वहीत लिहून घेतलं. पुढच्या रविवारी किल्ली जाड दांड्याची, दात बरोबर दोन.

सोमवारी ते शेजारच्या दुकानातल्या चष्मेवाल्याकडे गेले. हा त्यांचा वीस वर्षांचा दोस्त, आणि त्याला सगळ्यातलं सगळं कळे.

"गेम आपलं ऐकतो का रे?"

"हल्ली सगळी यंत्रं ऐकतात," चष्मेवाला म्हणाला. "परवा मी बुटांबद्दल बोललो, तर फोनवर बूटच बूट."

"पण आपण सांगितलं म्हणून सुधारतो?"

चष्मेवाला जरा अडखळला. "ते मात्र नवीन दिसतं."

"आणि बायको त्यातल्या पोरीला विचारते, जेवलीस का."

"माझी बहीण कुंड्यांशी बोलते. तू उगाच जिवाला लावून घेऊ नकोस. डोळे तपासून देऊ का?"

डोळे तपासले, नंबर तोच निघाला. मास्टर आणखी गोंधळात पडले, कारण दोष डोळ्यांचा असता तर बरं झालं असतं.

मग ती किल्ली टाकायची भानगड झाली. एखाद्या किल्लीने तिची सगळी दारं उघडून झाली, की पडद्यावर अक्षरं यायची: 'ही किल्ली आता लागणार नाही. टाकून द्यायची?' आणि बायको खुशाल 'हो' करायची. मास्टर खुर्चीतून उठलेच.

"टाकून द्यायची म्हणजे? किल्ली कधी टाकतात का? लागणार नाही हे ठरवणारा हा कोण टिकोजी?"

"पिशवीत जागा नसते हो. औषध ठेवू की किल्ल्या?"

"किल्ल्या ठेव. माझ्या दुकानात तीस-तीस वर्षांच्या किल्ल्या आहेत. त्यांची घरं पडली, पण मी एक टाकलेली नाही."

बायको हेडफोनवर हात दाबून बराच वेळ काही ऐकत राहिली. मग हळूच म्हणाली, "बरं." पुढच्या रविवारी तीच अक्षरं आली, पण वेगळी: 'या किल्लीची दारं उघडून झाली. जपून ठेवायची?' मास्टरांनी ती तीनदा वाचली. त्यांना आनंद झाला होता, आणि कशाचा ते कळत नव्हतं, म्हणून रागही आला होता.

त्यानंतरच्या शुक्रवारी कारखान्यात बायकोचा अंगठा इस्त्रीखाली आला. मोठं बँडेज. रविवारी दुपारी तिने बटणांचा तो रिमोट मास्टरांच्या हातात कोंबला.

"आज तुम्ही खेळायचं. मी सांगते तसं."

"मी? मला काय येतंय!"

"आज शेवटचा मजला आहे. नाही म्हणू नका. फार दिवसांची मेहनत आहे."

"कोणाची?"

"धरा आधी."

मास्टरांनी रिमोट धरला, ताट धरावं तसा दोन्ही हातांनी. सुपरहिरो बाई त्यांच्या हातात येताच भिंतीला डोकं घासत चालायला लागली. पिवळ्या रेनकोटवाली मात्र हुशार होती. ती पुढे जाई, बॅटरीने वाट दाखवी, मास्टर चुकले की परत येऊन उभी राही. पांढरी माणसं आली तर मास्टरांच्या आधी तीच आडवी येई. मास्टरांना ती पोर आवडायला लागली.

"ही मशीनच चालवते ना?"

"पुढे बघा, पुढे. जिना आला."

तासाभरात मास्टरांनी एकही किल्ली टाकली नाही. पिशवी किल्ल्यांनी तुडुंब. औषध समोर पडलेलं, पण ठेवायला जागा नाही. दोनदा सुपरहिरो बाई मेली, दोन्ही वेळा पिशवीत सोळा किल्ल्या घेऊन मेली. बायको पोट धरून हसत होती आणि मध्येच हेडफोनमध्ये म्हणत होती, "बघतेयस ना? बघ, बघ." इतकं मोकळं हसताना मास्टरांनी तिला वर्षभरात पाहिलं नव्हतं. त्यांनी मुद्दाम आणखी एक किल्ली उचलली.

मग ती खोली आली. मास्टर आत शिरले आणि मागे दार धाडकन लागलं. पिवळ्या रेनकोटवाली बाहेर राहिली. दाराच्या काचेतून तिची बॅटरी दिसत होती. लांबून फरफटण्याचे आवाज येत होते. तिने आपल्याजवळची किल्ली कुलपात घातली. ती किल्ली चुकीची होती. कुलूप वाजलं, 'टक'.

"छे," मास्टर म्हणाले. "हा आवाज साफ चूक आहे."

"मग कसा असतो?" बायकोने विचारलं. मान तिरकी, एक कान हेडफोनला, एक मास्टरांकडे.

"चुकीची किल्ली अशी टक करत नाही." मास्टर पडद्याकडेच बघत होते. हात रिमोटवर तसेच. "आधी ती सहज आत जाते, पूर्ण. माणसाला वाटतं, बरोबरच आहे. मग फिरवतो. केसभर फिरते आणि अडते. आवाज असा होतच नाही. मग माणूस ती बाहेर काढतो. जरा वेळ काहीच नाही. उजेडात धरून बघत असणार, आपलीच आहे ना. पुन्हा घालतो. या वेळी जोरात. पिना कचकन वाजतात. मग तिसऱ्यांदा अगदी हळू घालतो. एकेक दात आत जाताना ऐकू येतो. पाच दात. फिरवतच नाही. नुसती धरून उभा राहतो. मग काढतो आणि जातो. जिन्यावरून पावलं ऐकू येतात."

बायकोचा चेहरा कागदासारखा झाला होता.

"तुम्ही घरात होतात?" ती म्हणाली.

मास्टरांना आधी कळलंच नाही की आपण काय बोलून बसलो. मग कळलं.

"या खुर्चीत," ते म्हणाले. "तू अजून यायची होतीस. दिवा लावला नव्हता."

"ती मला म्हणाली होती, घरी कोणी नव्हतं. कोणी असतं तर उघडलं असतं, म्हणाली. अकरा महिने ती त्याच एका गोष्टीवर..." बायकोचं वाक्य तिथेच तुटलं.

पडद्यावर पांढरी माणसं दारापाशी पोचली होती. पिवळ्या रेनकोटवाली जागची हलली नाही. कुऱ्हाड उचलली नाही, पळाली नाही. त्यांनी तिला गराडा घातला, बॅटरी खाली पडली, आणि काच लाल झाली.

"अगं, ती मरतेय!" मास्टर बटणं दाबत सुटले. "हिला काय झालं? मशीन बिघडलं का?"

"ती उठून गेली," बायको म्हणाली. "खुर्ची सरकल्याचा आवाज आला मला."

"कोण उठून गेली?"

बायकोने त्यांच्याकडे असं पाहिलं, की मास्टरांना स्वतःची कीव आली. कुलपं उजवीकडे. दोन दातांची किल्ली. जपून ठेवायची? केस नाही बाबा, मी दारं बनवते.

"आपली?" त्यांनी विचारलं.

"मग काय इस्पितळातली? तिचाच गेम आहे. अजून बाजारातसुद्धा आलेला नाही. तिचं नाव घ्यायचं नाही म्हणालात, मी घेतलं नाही. तुमच्यासमोर बसून रोज बोलले तिच्याशी, तुम्हाला पत्ता नाही. आणि तुमचं एकेक कुलूप ती रात्र रात्र जागून सरळ करत बसली. मी म्हटलं, आज तुमच्याच हातून खेळवावं, मग सांगावं दोघांना. आणि तुम्ही हे..."

मास्टरांनी हेडफोन मागितला. तोंडाशी येणारी ती दांडी कुठे असते, हे बायकोने दाखवलं. कानात नुसती सूं सूं होती. कुठे तरी लांब नळ चालू असल्यासारखं वाटलं, पण ते नळाचंच आहे की मशीनचं, हे त्यांना सांगता आलं नसतं. ती तिथे आहे की नाही, हेही नाही.

"मी बोलतोय," ते म्हणाले. तीस वर्षं लोकांना जे सांगत आले तेच तोंडात आलं. "हे बघ. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते कुलूप पुन्हा उघडलं. पिनांचे दोन-दोन तुकडे करून बसवले. हॉटेलाचं केलं होतं तसं. दोन्ही किल्ल्यांनी उघडतं ते. आईच्या नवीनेही आणि तुझ्या जुनीनेही. तुझी किल्ली लागते. अकरा महिने लागतेय. मी दर रविवारी पूड घालतो. मला वाटलं, तू पुन्हा लावून बघशील. लोक बघतात. माझं गिऱ्हाईक दहा-दहा वेळा लावून बघतं. तू का नाही बघितलंस ते मला कळत नव्हतं. मी चुकलो. मी उठायला हवं होतं."

सूं सूं. मग तीही बंद झाली. पडद्यावर अक्षरं आली: 'जोडीदार खेळ सोडून गेला.'

"ऐकलं का तिने?" मास्टरांनी विचारलं.

"मला काय माहीत," बायको डोळे पुसत म्हणाली. मग एकदम भडकली. "माफी मागायची तीसुद्धा कुलपात घालून ठेवलीत! कोणाला कळणार होती ती? आणि तिने टाकली असेल ती किल्ली तर?"

हा विचार मास्टरांच्या डोक्यात अकरा महिन्यांत एकदाही आला नव्हता. किल्ली कोणी टाकतं, हेच त्यांना पटत नसे. ते दाराजवळच्या खुर्चीत जाऊन बसले. बायकोने लेकीला फोन लावला. तो बंद होता. तिने एका हाताने चहा केला, तो कोणी प्यायला नाही. मास्टरांना राहून राहून वाटे, बोललो तेच चुकलं. ती रिकाम्या घराच्या समजुतीवर बरी जगत होती. ती समजूत आपण घालवली, आणि बदल्यात दिलं काय, तर कुलपाची माहिती.

तास गेला. मग आणखी अर्धा. त्यानंतरही बराच वेळ गेला.

जिन्यावर पावलं आली. पावलं दारापाशी थांबली. बायको स्वयंपाकघराच्या चौकटीत येऊन उभी राहिली. बाहेर कोणीतरी पिशवीत काहीतरी शोधत होतं. आणि मग तो आवाज आला. एकेक दात, अगदी हळू, पाचही.

किल्ली फिरली नाही.

फिरत नव्हती, की कोणी फिरवत नव्हतं? इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मास्टरांना कुलपाचं काही कळेना. अकरा महिन्यांत तिची जुनी किल्ली त्या पिनांना एकदाही लागलेली नव्हती. आपण तुकडे बरोबर कापले होते ना? एखादी पिन अडकली असेल तर? तर तिला वाटेल, पुन्हा खोटं. बायको डोळ्यांनी खुणावत होती, उठा, उघडा ना! मास्टर उठले. दोन पावलांत दारापाशी गेले. हात कडीवर ठेवला आणि थांबले. आतून उघडलं तर तिची किल्ली लागत होती हे तिला कधीच कळणार नाही. नाही उघडलं तर त्या दिवसासारखंच होईल.

त्यांनी तोंड दाराच्या फटीजवळ नेलं.

"मी इथेच आहे," ते म्हणाले. "दाराशी उभा आहे. फिरव."

बाहेर कोणीतरी नाक ओढलं. किल्ली केसभर फिरली, क्षणभर अडली आणि मग पूर्ण फिरली.